वडील गोळ्या घेत नाहीत, डब्यात साठवतात: मेडिकलच्या काउंटरवरून सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोपरखैरण्याला, आईवडील गावी, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला. वडील ६७ वर्षांचे, माथाडीतनं रिटायर, बीपी-शुगर जुनी आणि मागच्या दिवाळीत अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) पडलाय. तुम्ही दर महिन्याला गोळ्या पाठवता, फोनवर विचारलं की ते "घेतोय की" म्हणतात, आणि आता गौरी-गणपतीला गेलात तर बिस्किटाच्या डब्यात न फोडलेल्या स्ट्रिपांचा ढीग सापडला. भांडण झालं, ते बोलायचे बंद झाले. आता तुम्ही विचारताय की काय सांगितलं म्हणजे ते घेतील, आणि नाहीच घेतल्या तर आईला सांगून आमटीतनं कुटून द्यायच्या का.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, कराडात मेडिकल आहे. त्यामुळे कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली बंद करायची हे मी सांगणार नाही. पण कोण गोळ्या नेतं, कोण निम्म्या नेतं, कोण चार महिने गायब होतं आणि एकदम ॲडमिट झाल्याची बातमी येते, हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला दिसतं. तिथनं जे कळलंय ते लिहितो.

सगळ्यात आधी एक काम, बाकीचं नंतर वाचा. त्या डब्यात रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत का बघा, म्हणजे ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम. काही वेळा दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असतात. स्टेंट टाकल्यावर या दोन साधारण वर्षभर आणि पुढं त्यातली एक कायम, असं बहुतेकांचं असतं, नेमकं किती दिवस ते कार्डिओलॉजिस्ट, म्हणजे हृदयाचे डॉक्टर, ठरवतात. या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, आणि तो काही महिनाभर आधी सांगून येत नाही. तुमच्या वडिलांच्या स्टेंटला अजून वर्ष झालेलं नाही. त्यामुळे या गोळ्या डब्यात निघाल्या असतील तर आजच ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्यांच्याकडं फोन लावा, खरं काय ते सांगा. "थोड्या राहिल्यात" असं मोघम नको, किती पाकिटं न फोडलेली आहेत ते सांगा.

दुसरं, आणि हे बऱ्याच घरांत उलटं होतं. डबा सापडला की घरचे घाबरतात आणि दुसऱ्या दिवसापासून समोर बसवून सगळ्या गोळ्या चालू करतात. असं करू नका. कारण काय होतं बघा, पेशंट गोळ्या घेत नाही, तपासणीत बीपी वाढलेलं, शुगर वाढलेली, डॉक्टरांना वाटतं गोळी कमी पडतेय, ते डोस वाढवतात, नाहीतर अजून एक जोडतात. पुढच्या वेळीही तेच. म्हणजे कागदावर आज जो डोस आहे तो न घेतलेल्या गोळ्यांच्या हिशोबानं चढत गेलेला असू शकतो. तो सगळा एकदम खरंच पोटात गेला तर बीपी खाली येऊन माणूस मोरीत पडतो, शुगर उतरून घाम फुटतो, हातपाय कापतात. आणि मग ते म्हणणार, बघा, गोळ्यांनीच झालं. तिथनं पुढं त्यांना समजावणं अवघड. म्हणून डॉक्टरांना आधी खरं कळू दे, कशापासून आणि कितीनं चालू करायचं ते त्यांना ठरवू दे.

आता कुटून घालायचं. नाही. स्टेंटवाल्यांना जी ॲस्पिरिन देतात तिच्यावर बहुतेक वेळा जठरात विरघळू नये म्हणून आवरण असतं. शुगरची मेटफॉर्मिन जर एसआर किंवा ईआर असेल तर ती दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. आणि समजा आवरण नसलेल्या साध्या गोळ्या असल्या तरी आमटी कडू लागली, त्यांना कळलं, की ते गोळ्यांबरोबर आईच्या हातचं जेवणही संशयानं खाणार. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे कशाला घालायचं.

तर मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय "काय सांगितलं म्हणजे घेतील". माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी ते का घेत नाहीत हे तुम्हाला माहीतच नाही, आणि तुम्ही धरून चाललाय की हट्ट आहे. असेलही. पण काउंटरवर मला जे दिसतं त्यात नुसता हट्ट फार थोड्यांचा असतो, बाकीच्यांकडं कारण असतं आणि त्यांच्या जागेवरनं बघितलं तर ते कारण बरंच शहाणपणाचं असतं. आणि हे काय आपल्याकडच्या खेडेगावातलंच नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली अहवाल काढला होता त्यात पुढारलेल्या देशांतसुद्धा जुनाट आजाराचे साधारण निम्मेच लोक औषध सांगितल्यासारखं घेतात असं म्हटलंय. म्हणजे तुमचे वडील एकटे नाहीत, हे त्यांनाही सांगा, जरा सैल होतील.

कारण शोधायला तो डबाच कामाला येतो. फेकू नका. सगळ्या स्ट्रिपा चादरीवर मांडा आणि बघा काय शिल्लक आहे. सगळं सारखं शिल्लक आहे का ठराविकच? हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि निम्मं उत्तर मिळतं.

फक्त शुगरची मोठी पांढरी गोळी राहिलेली असेल, बाकीच्या बऱ्यापैकी संपलेल्या असतील, तर पोट. मेटफॉर्मिननं काही जणांना गॅस, मळमळ, जुलाब होतात, जास्त करून सुरुवातीला आणि उपाशीपोटी घेतली तर. ज्या माणसाला ढेबेवाडीहून कराडला यायला एसटीत बसायचंय तो सकाळी ती गोळी घेईल का? नाही घेणार. मी पण घेणार नाही. जेवताना किंवा जेवल्या जेवल्या घेतली, डोस हळूहळू वाढवला, डॉक्टरांनी एसआर करून दिली तर पुष्कळांचं भागतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही तर डॉक्टरांना कसं कळणार, आणि पोट बिघडल्याचं सूनबाईसमोर सांगायला जुन्या माणसांना लाज वाटते हेही आहे.

लघवीची गोळी, म्हणजे बीपीसाठी देतात ती लघवी वाढवणारी, तेवढीच राहिली असेल तर तेच, प्रवासाची अडचण. आमच्याकडं वारीच्या आधी हे ठरलेलं असतं, माऊलींची पालखी लोणंद-फलटणवरनं जाते, त्यात इकडनं दिंडीला जाणाऱ्या बायका मला स्पष्ट सांगतात की ती पाण्याची गोळी देऊ नका, वाटेत जायचं कुठं. त्यांना शिकवायला कोण जाणार. अशा वेळी दिवसातनं कधी घ्यायची, प्रवासाच्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घेतात, मनानं बंद करण्यापेक्षा ते बरं.

फक्त रात्रीच्या राहिल्या असतील तर घरातलं रात्रीचं गणित बघा. सात वाजता जेवून आठला झोपतात का? का संध्याकाळी थोडी घेतात? रागावू नका, विचारतोय. "घेतली असली की गोळी नको" हा नियम आपल्याकडं इतका पक्का आहे की लोक दारू सोडत नाहीत, गोळी सोडतात. हे डॉक्टरांना सांगितलं तर बऱ्याचदा त्या गोळ्या सकाळच्या करून मिळतात. दारूचं वेगळं बोलायचं ते बोलाच, पण ते आणि हे एकात एक गुंतवू नका.

एका विशिष्ट महिन्यापासून सगळंच बंद दिसत असेल (स्ट्रिपवरची बॅच, मेडिकलचं बिल, तुमच्या कुरियरच्या तारखा यावरनं कळतं) तर तेव्हा काहीतरी घडलं. चक्कर आली असेल. शेजारचा कुणीतरी डायलिसिसवर गेला असेल. नाहीतर रिपोर्ट नॉर्मल आला असेल! हे फार होतं. बीपी १३० आलं म्हणजे बीपी गेलं, मग गोळी कशाला. कोलेस्टेरॉलचं तर जास्तच. त्यांना सांगायचं एवढंच की नॉर्मल आलंय ते गोळीवर आलंय. विहिरीची मोटार चालू आहे तोवर पाटाला पाणी आहे, तसं ते.

श्रावण, चातुर्मास, सोमवार, एकादशी हे पण बघा. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की (ग्लिमेपिराइड त्यातली एक, आपल्याकडं भरपूर चालते) त्या घेऊन जेवला नाहीत तर शुगर खाली जाते. एकदा उपवासाच्या दिवशी दरदरून घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली की माणूस त्या गोळीचं नाव घेत नाही. आणि त्या दिवशी ती न घेणं त्याचं चूक नव्हतंच! चूक एवढीच की मग सगळ्याच सोडल्या. उपवास किती, कुठल्या दिवशी, दोन्ही वेळ का एक वेळ, साबुदाणा खातात का निरंकार, हे डॉक्टरांना सांगून उपवासाच्या दिवसाचा वेगळा कागद करून घ्या. माझ्या अनुभवात डॉक्टर हसत नाहीत, करून देतात.

पैशाचं सांगतो. तुम्ही म्हणाल पैसे तर मी देतो. बरोबर, तुम्ही देता, आणि तेच त्यांना टोचत असेल. काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य आहे, "सगळ्या नको, यातली मेन गोळी कुठली तेवढी द्या." किंवा पाच दिवसाच्या द्या. किंवा दिवसाआड घेतो म्हणजे महिन्याच्या दोन महिने जातात. ज्यांनी मार्केटात पाठीवर पोती वाहून घर चालवलं त्यांना पोराचे महिन्याला दोन-अडीच हजार गोळ्यांवर जातात हे बघवत नाही, ते वाचवतायत, तुमच्यासाठी. डब्यात साठवलं आहे, फेकलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं म्हणून म्हणतोय. असं असेल तर बिल कमी करणं हाच उपाय. जनऔषधी केंद्रात तीच औषधं ब्रँडच्या मानानं निम्म्यानं किंवा त्याहून स्वस्त मिळतात, बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. (माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण गिऱ्हाईक जिवंत राहिलं तर खोकल्याचं औषध तरी माझ्याकडनं नेईल.) फक्त बदलताना एक सांभाळा, कंपनी बदलली की रंग-आकार बदलतो, मग एकतर "ही माझी नव्हं" म्हणून बाजूला पडते, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही घेतली जाते कारण दोन वेगळ्या वाटतात. जुनं पाकीट घेऊन या आणि मेडिकलवाल्याला विचारा, ही त्याच्याऐवजी आहे ना. तेवढं सांगणं आमचं कामच आहे.

किडनी. हा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. "एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते." गावात ज्याची किडनी गेली तो शुगरच्या गोळ्या खात होता हे सगळ्यांनी बघितलेलं असतं, त्यामुळे हिशोब त्यांच्या डोक्यात बरोबर बसतो. खरं असं की वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी किडनी खराब करतात, आणि बीपीच्या काही गोळ्या तर किडनी सांभाळायला म्हणूनच देतात. ज्यानं किडनीला खरंच त्रास होतो ती असते गुडघेदुखीची गोळी, जी किराणा दुकानात पण मिळते आणि जिच्याबद्दल कुणी कधी शंका घेत नाही. स्टेंटवाल्या, बीपीवाल्या माणसानं ती मनानं खाऊच नये. डब्याशेजारी तशी पाकिटं सापडतात का बघा. आणि "तुमचं खुळचट आहे" म्हणू नका, वर्षातनं जेवढ्या वेळा डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा क्रिएटिनिनची (किडनी कशी चाललीय ते कळायची) रक्ततपासणी करा आणि रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. बोलण्यापेक्षा कागदावर विश्वास असतो त्या पिढीचा.

कारल्याचा रस, कडुलिंब, कुणाचा तरी काढा, हे चालू असेल तर त्यावर भांडू नका, पण काय चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. गोळी सोडून ते घेतायत का गोळीबरोबर, एवढं महत्त्वाचं.

आणि हे सगळं बघून काहीच पॅटर्न सापडला नाही, कुठलीही गोळी कधीही राहिलीय, मध्येच एका दिवशी दोनदा घेतलीय, असं असेल तर वेगळा विचार करा. विसर पडतोय का? पैशाचा हिशोब चुकतो का, तेच तेच विचारतात का? मन उदास आहे का? अँजिओप्लास्टीनंतर पुष्कळ लोक आतनं खचतात, "आता काय राहिलंय" असं बोलतात, आणि त्या माणसाला गोळीचं महत्त्व पटवण्यात अर्थ नसतो, त्याला आधी जगावंसं वाटलं पाहिजे. यासाठी डॉक्टरांकडं न्यायला लागतं, डबे आणून काही होत नाही. डोळ्यांचं पण बघा, मोतीबिंदू असला तर त्या स्ट्रिपवरची इंग्रजी मुंगीएवढी अक्षरं त्यांना दिसतच नसतील.

आता बोलायचं कसं. "गोळ्या घेता का" असं विचारू नका, त्याला "घेतो" हेच उत्तर असतं, कुणीही तेच देतो. मी विचारतो, "सगळ्यांच्याच राहतात, गेल्या आठवड्यात तुमच्या किती वेळा राहिल्या असतील?" आणि मग गप्प बसतो. "चार-पाच" म्हणाले की रागवायचं नाही, "कुठली राहते?" एवढंच. मग, "ती घेतल्यावर काय होतं?" बस. पहिल्या दिवशी यापुढं जाऊच नका. तुमचं भांडण झालंय, तर कदाचित तुम्ही विचारण्यापेक्षा बहीण, जावई किंवा त्यांचा जुना मार्केटातला दोस्त, ज्याला स्वतःला स्टेंट आहे, त्यानं विचारलेलं चालेल. कोण चालेल ते तुमच्या घरावर आहे, मी इथनं सांगू शकत नाही. आईवर पहारा द्यायचं काम टाकू नका मात्र, दोघांचे दिवस खराब होतात. आणि जाता जाता, आईच्या स्वतःच्या गोळ्या कोण बघतं? आमच्याकडं बायका नवऱ्याच्या गोळ्या महिन्याच्या नेतात आणि स्वतःच्या "पुढच्या खेपेला".

कारण कळलं की डॉक्टरांकडं जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, जुन्या, नव्या, दुसऱ्या डॉक्टरांच्या, आयुर्वेदिक, सगळ्या, आणि दोन गोष्टी विचारा. यातली कमी कुठली करता येईल? आणि दिवसातनं चार वेळांच्या दोन वेळा करता येतील का? दोन औषधं मिळून एक गोळी मिळते, दिवसातनं एकदाच घ्यायची मिळते, पुष्कळ वेळा जमतं. काही वेळा नाही जमत, तेव्हा नाही. त्रास देणारी गोळी बदलून मिळते हेही वडिलांना कळू दे. एका बीपीच्या गोळीनं पाय सुजतात, दुसरीनं कोरडा खोकला येतो, लोकांना वाटतं बीपीच्या सगळ्या गोळ्या अशाच. फक्त मनानं एकदम तोडू नये, विशेषतः मेटोप्रोलोलसारखी नाडी धीमी करणारी, ती अचानक बंद केली तर छातीत दुखणं उलट वाढू शकतं.

घरात व्यवस्था साधी ठेवा. गोळी रोजच्या ठरलेल्या कामाला बांधायची, चहा म्हणा, देवपूजा म्हणा, सातच्या बातम्या म्हणा. सात दिवसांची डबी मिळते ती चांगली, पण तुमच्याकडं पावसाळ्यात जी ओल असते त्यात सगळ्या गोळ्या सोडवून ठेवू नका. बीपीची टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेते, ती घ्यायच्या वेळीच पाकिटातनं काढायची. तशीच कात्रीनं पाकिटाचे तुकडे करून डबीत ठेवली तर तारीख छापलेला तुकडा शेवटी वापरा, आणि नजर कमी असेल तर तुकडे नकोतच, वयस्कर लोकांनी कागदासकट गिळल्याचं होतं. एखादी वेळ राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत हे पण स्पष्ट सांगून ठेवा.

डब्यातल्या जुन्या गोळ्यांपैकी तारीख गेलेल्या वेगळ्या काढा. बाकीच्या डॉक्टरांनी चालू ठेवल्या तरच वापरा, पैसे वाया जातात म्हणून बंद झालेली गोळी संपवायला लावू नका.

अजून एक, पुढच्या तपासणीला याल तेव्हाचं. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून लोक त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी पण घेत नाहीत, तशीच घाटवाटेनं एसटी पकडून येतात, रांगेत दोन तास बसतात, मग बीपी १७० येतं आणि डोस वाढतो. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घेऊन आलं तरी चालतं, शुगरची मात्र खायच्या वेळी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि शुगरची गोळी व डबा बरोबर घेऊन या.

कार्डिओलॉजिस्टांचं काय म्हणणं पडतंय ते इथं कळवा. आणि कुठल्या गोळ्या शिल्लक निघाल्या ते नावानिशी लिहिलंत तर अजून नीट सांगता येईल.